भालकीच्या घरात तीन संगणकांची परीक्षा

अन्नपूर्णाबाई हलबर्गेकर पेपर तपासायला लाल शाई कधी वापरत नसत, हिरवी वापरत. लाल रेघ दिसली की पोरं घाबरतात आणि चूक कुठं झाली ते बघायचंच विसरतात, असं त्यांचं म्हणणं. कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात त्यांनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. २०१९ साली निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या समारंभात भाषण करायला उभ्या राहिल्या आणि फळ्यावर कुणीतरी काढलेल्या वर्तुळाचा केंद्रबिंदू चुकलाय, एवढं सांगून आधी तो नीट केला.

जन्म करजगीचा. घरी मराठी, शाळा कन्नड. वडिलांशी मराठीत बोलायचं, पाढे कन्नडमध्ये म्हणायचे, बाजारात दख्खनी उर्दू चालवायची. पाढे अजूनही त्या कन्नडमध्येच म्हणतात. एकोणीस सत्ते म्हटलं की त्यांच्या मनात आधी कन्नड आकडा येतो, मग मराठी.

या दोन भाषांतूनच त्यांचं पुढचं काम निघालं. सीमेवरच्या मराठी शाळांतल्या दहावीच्या मुलांना सरावाचे पेपर मिळणं अवघड असतं. बीदरच्या दुकानात कन्नडमधली पुस्तकं ढिगानं असतात. उदगीरहून मराठीतली आणावीत, तर तो महाराष्ट्राचा अभ्यासक्रम. त्यामुळं २००९ साली अन्नपूर्णाबाईंनी स्वतःच प्रश्नसंच करायला घेतला. प्रश्न आधी कन्नडमध्ये, त्याखाली तोच मराठीत. याला कारण होतं. मराठी शाळेत गणिताला येणारे शिक्षक बऱ्याचदा कन्नड घरातले असतात. वरचा प्रश्न शिक्षकासाठी, खालचा पोरांसाठी. सोळा वर्षांत एकोणीसशे चाळीस प्रश्न झाले. दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांतले निवडून, आकडे बदलून, नवे घालून चार सराव पेपर तयार होत आणि अकरा शाळांना जात. पोरं मार्चमध्ये परीक्षेला बसत.

हे सगळं त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या २०१३ सालच्या संगणकात होतं. मराठी आणि कन्नड टाइप करायची जुनी प्रणाली होती, आणि ती चालायला अंगठ्याएवढं एक डोंगल संगणकाच्या मागं खोचावं लागे. डोंगल असेल तर अक्षरं दिसत. डोंगल काढलं की दोन्ही भाषा पडद्यावरून जात आणि तिथं इंग्रजी अक्षरांचा, टिंबांचा आणि स्वल्पविरामांचा भुगा उरे. ती प्रणाली विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. असं दुसरं डोंगल आता कुठंही मिळणार नव्हतं, आणि हे बाईंना पक्कं माहीत होतं. म्हणून त्या त्याला जपत. जपत म्हणूनच ते गेलं.

खंडेनवमीला या भागात घरातली सगळी हत्यारं पुजतात. शेतकऱ्याच्या घरी नांगर आणि ट्रॅक्टर, ड्रायव्हरच्या घरी जीप, शिंप्याच्या घरी मशीन. हलबर्गेकरांच्या घरी विळी, कात्री, स्कूटर, कंपासपेटी आणि संगणक. यंदा १ ऑक्टोबरला बाईंनी पूजा मांडली, तेव्हा त्यांना वाटलं की संगणकाच्या डब्याला कुंकू लावायचं आणि खऱ्या किल्लीला विसरायचं, हे बरोबर नाही. त्यांनी डोंगल काढून पाटावर कात्रीशेजारी ठेवलं. हळद, ओलं कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वर पळीभर पाणी. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुसून परत खोचलं. डोंगलचा बारका दिवा एकदा लागला आणि विझला. नंतर लागलाच नाही.

श्रीहरीराव, म्हणजे त्यांचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी डोंगल उघडून भिंगाखाली धरलं.

"आत कुंकू हाय," ते म्हणाले.

"किती?"

"सवाष्णीला लावतात तेवढं."

"थट्टा करायलाव का?"

"न्हाई. सर्किटवर एक तांदूळ पण हाय. अख्खा. त्याला कामून आत घातलंस?"

बाईंनी संगणक चालू केला. फाइल उघडली. पडद्यावर भुगा. दुसरी उघडली. भुगा. छापलेले जुने पेपर कपाटात होते, पण छापलेल्या पेपरातला आकडा बदलता येत नाही. हाताशी अडीच महिनेसुद्धा नव्हते, आणि एकोणीसशे चाळीस प्रश्न पुन्हा टाइप करायचे तर वय सहासष्ट होतं.

त्यात पंधरा दिवसांनी दुसरी बातमी आली. त्यांच्या संगणकातलं विंडोज दहा आता म्हातारं झालं, १४ ऑक्टोबरनंतर त्याला नेहमीच्या सुरक्षेच्या सुधारणा मिळणार नाहीत, असं पडद्यावरच लिहून आलं. नवं विंडोज अकरा या जुन्या यंत्रावर बसणार नाही, हेही त्याखालीच होतं.

आता घरात मतं सुरू झाली. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलीनं, हर्षितानं, फोनवर निकाल देऊन टाकला. तिच्याकडं ॲपलचा एक लॅपटॉप पडून होता. तोच दिवाळीला आणते म्हणाली. बाईंचा भाचा संकर्षण गुलबर्ग्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तो म्हणाला, नवं काही घेऊ नका आत्या, जुन्याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स बसवू, फुकट असतं आणि जुन्या यंत्राला हलकं पडतं. बीदरला संगणकाचं दुकान चालवणारा शिवशरण हा बाईंचा जुना गिऱ्हाइकी संबंधातला माणूस. इकडं शिक्षिकेला अक्कोरू म्हणतात. तो म्हणाला, "अक्कोरे, हे लोक तुम्हाला फिरवतील. विंडोज अकरावाला नवीन डबा मी पाठवतो. आठ दिवस वापरा, पटला तर ठेवा, न्हाई तर परत घेतो."

तिघांचंही बाईंनी ऐकून घेतलं. श्रीहरीरावांनी विचारलं, "मग कुणाचं ऐकायलीस?"

"कुणाचं न्हाई. परीक्षा घेणार."

२६ ऑक्टोबरचा रविवार ठरला. भाऊबीज होऊन गेली होती, संकर्षण अजून भालकीतच होता, हर्षिताला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. बाहेरच्या खोलीत तीन टेबलं लागली. एकावर हर्षिताचा लॅपटॉप, एकावर शिवशरणनं स्वतः आणलेला नवा काळा डबा, एकावर घरचा २०१३ सालचा संगणक. त्याच्यात संकर्षणनं लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला होता. त्याच्यातून सुरू केलं की आतलं जुनं काही पुसलं जात नाही, हे त्यानं आत्याला दोनदा सांगितलं आणि बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

बाईंनी वहीच्या कागदावर पेपर काढला होता. पन्नास गुण. जुना प्रश्नसंच उघडून वाचता येणं, वीस. अपूर्णांक आणि वर्गमूळ असलेलं एक उदाहरण दोन्ही लिप्यांत टाइप करता येणं, दहा. घरच्या प्रिंटरवर छापणं, दहा. शिक्षकांच्या मोबाइलवर पाठवल्यावर जसंच्या तसं दिसणं, पाच. वीज गेली तर काम न बुडणं, पाच.

"आई, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण?" हर्षितानं विचारलं.

"वर्गातली वागणूक बघून. तुझी बघायलेय मी."

पहिला प्रश्न. तिन्ही यंत्रांवर तीच फाइल उघडली, २०१६ सालची. हर्षिताच्या लॅपटॉपवर भुगा आला. शिवशरणच्या डब्यावर भुगा. लिनक्सवर भुगा. तिन्ही भुगे अक्षरा-अक्षरानं सारखे होते.

बाईंनी तीन रकान्यांत तीन शून्यं घातली आणि हिरवं पेन टोपण लावून ठेवलं. खुर्चीत बसल्या. शिवशरणनं उगाच माऊस इकडचा तिकडं केला. त्याला यंत्र विकायचं होतं, पण अशा वेळी नाही.

"आत्या," संकर्षण म्हणाला, "हे गेलेलं न्हाई. आत सगळं हाय. फक्त वाचता येईना झालंय."

"म्हंजे गेलंच की."

"न्हाई. ऐका. त्या काळच्या प्रणालीला क म्हणजे काय ते कळतच नव्हतं. ती आत इंग्रजी d ठेवायची आणि वरून कचं चित्र चढवायची. चित्र गेलं, d राहिला. कोणत्या इंग्रजी अक्षराखाली कोणतं मराठी अक्षर होतं, याचा तक्ता मिळाला की उलटं करता येतंय. आणि एकदा उलटं केलं की ते आजच्या पद्धतीत येईल. मग कुठल्याही यंत्रावर, मोबाइलवरसुद्धा, डोंगलबिंगल काही लागणार न्हाई."

"तक्ता कुठाय?"

"हीच प्रणाली वापरणाऱ्या कुण्या छापखानेवाल्यानं करून इंटरनेटवर टाकलाय. कन्नडचा दुसऱ्यानं टाकलाय. कालच उतरवून घेतलेत."

"मग काल कामून सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, आधी तुमचा पेपर होऊ द्यावा."

त्यानं मराठीचा तक्ता लावला आणि फाइल चालवली. पडद्यावर देवनागरी उमटली. हर्षितानं टाळी वाजवली. बाई पुढं सरकून वाचायला लागल्या आणि दोन ओळींतच थांबल्या. दुसरी ओळ चोख होती. दोन संख्यांची बेरीज, त्यांच्या वर्गांची बेरीज, त्या संख्या काढा. पण पहिली ओळ म्हणजे नुसती ओकारी. जोडाक्षरांवर जोडाक्षरं, काने, मात्रा, कशालाच अर्थ नाही. तिसरी तशीच. चौथी चोख.

"अर्धं बिघडलं," संकर्षण म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "मराठीचा तक्ता कन्नडलाही लागला. कोणता मजकूर कन्नडचा आणि कोणता मराठीचा, हे त्या प्रणालीनं स्वतःच्या काहीतरी खुणेनं लिहिलंय. ती खूण मला वाचता येईना. दोन्हीकडं आत तीच इंग्रजी अक्षरं हायत. मशीनला कसं कळणार, हा d कन्नडचा का मराठीचा?"

"मग एकेक ओळ बघून ठरवायची?" हर्षिता.

"चार हजार ओळी हायत."

शिवशरण म्हणाला, "अक्कोरे, माझ्या दुकानातली दोन पोरं बसवतो महिनाभर."

बाईंनी हात वर केला. वर्गात गडबड झाली की त्या असाच करत. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेल्या आणि पेनाच्या टोकानं ओळी मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

"संकर्षण, मी प्रश्न कसा लिहिते?"

"म्हणजे?"

"वर कन्नड. खाली मराठी. सोळा वर्षांत एकदाही उलटं केलेलं न्हाई. आणि प्रश्न कितीही लांब असला तरी मधी एंटर मारत न्हाई. एका भाषेचा एक परिच्छेद. मग पहिला कन्नड, दुसरा मराठी, तिसरा कन्नड, चौथा मराठी. पुढं?"

संकर्षणनंही ओळी मोजल्या.

"विषम कन्नड," तो म्हणाला. "सम मराठी."

"हेच सातवीच्या पोरानं सांगितलं असतं. तू इंजिनिअरिंग शिकवतोस व्हय?"

"आणि x, y? आकडे?"

"ते महिरपी कंसात हायत. तेवढ्यापुरतं इंग्रजी चालू करायचं म्हंजे आधी कंस टाकायचा, ही माझी सवय. कंसातल्याला हात लावू नको."

"मधी आकृत्या असतील तर क्रम चुकंल."

"आकृती वेगळ्या फाइलीत. इथं नुसता नंबर, तोही कंसात."

श्रीहरीराव दारातून म्हणाले, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. हिच्या शिस्तीचा कुणाला फायदा झालेला मी आज पहिल्यांदा बघायलोय."

संकर्षणनं दोन्ही तक्ते नीट लावले. विषम परिच्छेदांना कन्नडचा, सम परिच्छेदांना मराठीचा, महिरपी कंसातलं जसंच्या तसं. या कामाला पाऊण तास गेला. शिवशरण तेवढ्यात चहा प्यायला, मग पोहे खाल्ले, मग दुकानातून आलेले तीन फोन कापले. चौथा फोन घेऊन म्हणाला, मी दवाखान्यात आहे.

२०१६ सालची फाइल पुन्हा उघडली. वर कन्नड, खाली मराठी. बाईंनी पहिला प्रश्न दोन्ही भाषांत वाचला, मग दुसरा, मग सातवा, मग एकदम शेवटचा. मग म्हणाल्या, २०११ सालची उघड. ती उघडली. २०२३ सालची उघड. ती उघडली. एका ठिकाणी त्या थांबल्या, तेव्हा सगळे पुढं वाकले. पण तिथं त्यांना स्वतःचं मराठी वाक्य आवडलं नव्हतं, एवढंच.

एकोणीसशे चाळीसपैकी एकोणीसशे एकतीस प्रश्न नीट आले. नऊ बिघडले. एका दिवाळीत बाईंच्या अंगात ताप असताना त्यांनी कन्नडचे परिच्छेद तोडले होते, त्या फाइलीतले ते शेवटचे नऊ. बाईंनी त्यांची यादी केली आणि म्हणाल्या, "नऊ मी उद्या सकाळी करते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त त्यांनी आत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं आणि बाहेर आल्या तेव्हा पदर ओला होता.

मग पेपर पुढं चालू झाला. मुख्य गोष्ट झालेली होती, त्यामुळं उरलेली परीक्षा सगळ्यांनी आरामात घेतली. बदललेली फाइल तिन्ही यंत्रांवर उघडली. तिन्हींवर सारखीच दिसली. पहिल्या प्रश्नाच्या तिन्ही शून्यांवर हिरवी काट पडली आणि तिथं वीस, वीस, वीस आले. शिवशरण म्हणाला, "फेरतपासणीत पास झालेलं पोर आहे हे, अक्कोरे."

टाइप करण्याच्या प्रश्नात एक नवल कळलं. जुन्या प्रणालीत मराठीचा कळफलक वेगळा होता आणि कन्नडचा वेगळा. सोळा वर्षं बाईंची बोटं दोन शाळांत जात होती. नव्या पद्धतीत, तिन्ही यंत्रांवर, एकच ठेवण होती. ज्या कळीला मराठीचा क, त्याच कळीला कन्नडचा क. एक बटण दाबून लिपी बदलायची, बोटं तीच. बाईंना एक उदाहरण टाइप करायला चौदा मिनिटं लागली, कारण नवी ठेवण त्यांना येत नव्हती. पण चौदाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "एकच शिकायचं हाय. एक शिकले की दुसरं आपोआप येतंय." सगळ्यांना दहा-दहा.

छपाईला हर्षिताचा लॅपटॉप अडला. प्रिंटरची जुनी चौकोनी वायर त्याच्या बारक्या भोकात शिरेना. मधला जोड ती हैदराबादला विसरली होती.

"गैरहजर," बाई म्हणाल्या आणि तिथं रेघ मारली.

"आई, वायर न्हाई म्हणून शून्य? यंत्राची काय चूक?"

"पेन विसरून परीक्षेला आलेल्या पोराचीपण काही चूक नसते. पेन विसरलं, एवढंच."

शिवशरणच्या डब्यानं पहिल्याच झटक्याला छापलं. लिनक्सनं प्रिंटर ओळखायला थोडा वेळ घेतला आणि मग छापलं. बाईंनी त्याचा एक गुण कापला. शिवशरणनं संकर्षणकडं बघून मिशीवर हात फिरवला.

मोबाइलवर तिन्हींचं नीट दिसलं. वीज जाण्याची परीक्षा श्रीहरीरावांनी घेतली. मेन स्विच पाडायचं काम त्यांना फार आवडलं. पस्तीस वर्षं लोकांनी त्यांना वीज गेली म्हणून शिव्या दिल्या होत्या, आज कुणीतरी मुद्दाम घालवायला सांगत होतं. लॅपटॉपला काही फरकच पडला नाही. बाकी दोघं यूपीएसवर चार मिनिटं तगले, तेवढ्यात फाइल जतन झाली. लॅपटॉपला पाच, बाकीच्यांना चार-चार.

बेरीज झाली. लॅपटॉप चाळीस. शिवशरणचा विंडोज अकरा एकोणपन्नास. लिनक्स अठ्ठेचाळीस.

शिवशरणनं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "अक्कोरे, पहिला नंबर कुणाचा? मोठ्यानं वाचा."

"तुझा."

"मग ठेवून जाऊ?"

बाईंनी कागद घडी केला. "तुझं यंत्र चांगलं हाय, शिवशरण. खोट न्हाई. कुणी विचारलं तर मी हेच घ्या म्हणून सांगीन. पण मी परीक्षा कशासाठी घेतली? माझे प्रश्न एका डोंगलला बांधलेले होते म्हणून. ते सुटले. आता ते तुझ्या डब्यातही उघडतात, हिच्या लॅपटॉपवरही, त्याच्या लिनक्सवरही. मग जे यंत्र घरात हाय, जे चालायलंय, ते बाहेर कामून काढायचं? एका गुणासाठी?"

"एका गुणानं पोरांचं वर्ष जातं, अक्कोरे."

"नापासाचं जातं. हा अठ्ठेचाळीसवाला हाय."

शिवशरण हसला. त्याच्या दुकानात एक वकीलसाहेब तोच डबा बघून गेले होते आणि ते उद्या येणार होते, हे त्यानं नंतर संकर्षणला सांगितलं. आता डबा नक्की परत मिळणार म्हटल्यावर त्याचीही एक काळजी मिटली होती. जाताना त्यानं बाईंच्या जुन्या यंत्राची धूळ फुंकणीनं काढून दिली आणि आतला पंखा बदलायला झालाय, तेवढा तरी माझ्याकडून घ्या, असं बजावलं. पंखा त्याच्याकडूनच आला.

हर्षितानं लॅपटॉप परत नेला. जाताना एवढंच म्हणाली, "चाळीस म्हंजे पण फर्स्ट क्लासच की."

संध्याकाळी संकर्षणनं सगळ्या फाइलींच्या तीन प्रती केल्या. एक त्याच्याकडं, एक हर्षिताकडं, एक पेनड्राइव्हवर कपाटात. मग जुन्या यंत्रावर लिनक्स कायमचं बसवलं. जुनं विंडोज गेलं. श्रीहरीराव रोज जेवणानंतर त्यावर एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ खेळत. तो गेला म्हणून ते दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी नव्या प्रणालीत त्यांना तसाच दुसरा खेळ सापडला आणि तो जास्त अवघड आहे, असं त्यांनी मुद्दाम बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. स्कॅनर मात्र चालला नाही. तो आजही चालत नाही. बाई कागदाचा फोटो मोबाइलनं काढतात. नवी कळफलकाची ठेवण अंगवळणी पडायला पुरता महिना गेला. या महिन्यात त्यांनी संकर्षणला सतरा वेळा फोन केला. पहिल्या आठवड्यात अकरा, शेवटच्या आठवड्यात एक. तो एकही त्याच्या पोरीच्या वाढदिवसासाठी होता.

४ डिसेंबरला यंदाचे चार सराव पेपर अकरा शाळांना गेले. छापील नव्हे, मोबाइलवर. प्रत्येक शाळेनं आपापले छापून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी औराद तालुक्यातून ज्योतीचा फोन आला. ती तिथल्या मराठी शाळेत गणित शिकवते. दहावीला बाईंचीच विद्यार्थिनी होती.

"बाई, पेपर मिळाला. पण दुसऱ्या पेपरातला सतरावा चुकलाय."

"कुठं?"

"शंकूचा हाय बघा. त्रिज्या सात, उंची पंचवीस, तिरकस उंची चोवीस. तिरकस उंची उंचीपेक्षा कमी कशी असंल? असला शंकू कुंभाराला सांगून बघा, तो मडकं फेकून मारंल."

बाईंनी प्रश्न उघडला. ज्योतीचं बरोबर होतं. चोवीस आणि पंचवीस यांची अदलाबदल झाली होती. वक्रपृष्ठफळ काढायला त्रिज्या आणि तिरकस उंची लागते, उंची लागतच नाही. त्यामुळं पोरं चोवीस घालून मोकळी होत आणि पाचशे अठ्ठावीस उत्तर काढत. बाईंनी मागच्या वर्षांच्या फाइली उघडून बघितल्या. हा प्रश्न २०१६ पासून असाच होता.

"ज्योती, तू सोळा सालच्या बॅचची न्हवं?"

"व्हय."

"म्हंजे तू हा प्रश्न सोडवलेला हायस."



"सोडवलेला हाय बाई. पाचशे अठ्ठावीस आलतं. तुम्ही बरोबर पण दिलं होतं."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की श्रीहरीराव पत्ते सोडून बाहेर आले. "काय झालं?"

"काही न्हाई. नऊ वर्षं सगळा जिल्हा चुकीचा शंकू करायलाय."

त्या संगणकासमोर बसल्या. कन्नड परिच्छेदात दोन आकडे बदलले, मराठीत दोन. उत्तरसूचीत पाचशे अठ्ठावीसचे पाचशे पन्नास केले. फाइल जतन केली, अकरा शाळांना परत पाठवली आणि खाली लिहिलं की सतराव्यात दुरुस्ती आहे, चूक माझी. ज्योतीचा फोन ठेवल्यापासून सहा मिनिटं झाली होती. मग त्यांनी अठरावा प्रश्न वाचायला घेतला.